मेंदूतील स्मृतिपेशी

एखाद्या जंतूशी गाठ पडल्यावर त्याची ओळख जपून ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींना स्मृतिपेशी म्हणतात. त्यांतल्या काही टी-पेशी (बाधित पेशी ओळखून त्यांच्यावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) संसर्ग ओसरल्यावरही मेंदूतच मुक्काम ठोकतात. या निवासी स्मृतिपेशी. नावातली ‘स्मृती’ जंतूच्या ओळखीपुरतीच आहे, आपल्या आठवणींशी तिचे नाते नाही. निदान वरवर पाहता तरी नाही.

मेंदू प्रतिकारयंत्रणेच्या कक्षेबाहेर आहे, अशी समजूत बराच काळ होती. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९४८ साली दाखवले, की सशाच्या मेंदूत रोपलेली परकी त्वचा टिकून राहते. पण तशीच त्वचा त्या सशाच्या अंगावर आधी रोपलेली असेल, तर मेंदूतले कलमही नाकारले जाई. म्हणजे ओळख पटलेल्या पेशींना मेंदूचे दार बंद नव्हतेच. प्रयोगाचा हा अर्धा भाग मात्र पुढे फारसा कुणी सांगितला नाही.

निरोगी माणसाच्या मस्तिष्क-मेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, दर मायक्रोलिटरला पाचाहून कमी पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या बहुसंख्य स्मृती टी-पेशीच असतात. निवासी पेशी मेंदूच्या आवरणांत, रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि जुन्या संसर्गाच्या जागी आढळतात. उंदरांत त्या रक्तातून नवी भर न पडताही टिकल्याचे २०१० साली दिसून आले.

यांची खरी कसोटी संयमाची. चेतापेशी मेली की सहसा तिची जागा भरत नाही. म्हणून बाधित पेशी सरसकट मारून चालत नाही. इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडून विषाणूची वाढ रोखली जाते, चेतापेशी मात्र वाचते. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या चेतागुच्छात नागिणीच्या कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू सुप्त राहतो; तिथे टी-पेशी चेतापेशीला चिकटून बसतात आणि विषाणूला जागे होण्यासाठी लागणारे प्रथिनच कापून टाकतात.

हा पहारा उठला तर काय होते, ते नॅटालिझुमॅब या औषधाने दाखवले. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात प्रतिकारपेशी मेंदूतल्या चेतातंतूंच्या आवरणावरच हल्ला करतात; म्हणून ते टी-पेशींना मेंदूत शिरू देत नाही. काही रुग्णांत एरवी निपचित असणाऱ्या जेसी विषाणूने मेंदूचे पांढरे द्रव्य पोखरले. २००५ मध्ये औषधाची विक्री थांबली. २००६ मध्ये निर्बंधांसह ते परत आले.

पहारा लांबला तरी किंमत पडते. वेस्ट नाइल विषाणूतून बऱ्या झालेल्या उंदरांत मागे राहिलेल्या टी-पेशींच्या इंटरफेरॉनमुळे मेंदूतल्या सूक्ष्मश्लेषपेशी (मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या प्रतिकारपेशी) चेतापेशींमधले जोड खाऊन टाकतात, आणि शिकलेली वाट उंदराला आठवेनाशी होते.