पाठीतल्या सुईची भीती आणि १९४७ चा एक दिवस
कमरेखालची भूल सुचवली की पाय कायमचे जातील का, हा प्रश्न रुग्णाकडून हमखास येतो. एकेकाळी भूलतज्ज्ञांच्या मनातही हीच धास्ती होती. १८९८ मध्ये मणक्यातून कोकेन देऊन सुरू झालेली ही पद्धत १९०५ नंतर प्रोकेन या कमी घातक औषधामुळे बरीच सुरक्षित झाली होती, तरीही ब्रिटनमध्ये ती पुढे काही दशके मागे पडली. त्याचे एक मोठे कारण न्यायालयात घडले.

ऑक्टोबर १९४७ मध्ये इंग्लंडमधील एका रुग्णालयात एकाच दिवशी दोन पुरुषांना सिंकोकेन या औषधाची मणक्यातली भूल देण्यात आली आणि किरकोळ शस्त्रक्रियांनंतर दोघांचेही पाय कायमचे लुळे पडले. औषधाच्या सीलबंद काचेच्या कुप्या, म्हणजे अँप्यूल, बाहेरून निर्जंतुक राहाव्यात म्हणून त्या फिनॉल या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवून ठेवलेल्या होत्या. दोघांनी दावा केला, तेव्हा काचेला डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊन फिनॉल आत झिरपले, असा खुलासा न्यायालयाने मान्य केला. १९४७ मध्ये हा धोका कोणालाच ठाऊक नसल्याने १९५४ च्या अपिलातही डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा ठपका आला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र एकाच दिवशी दोन अँप्यूलना असे अदृश्य तडे जावेत, हे पटणे कठीण आहे. सिरिंज आणि सुया ज्या भांड्यात उकळल्या जात, त्यातील क्षारांचा थर काढण्यासाठी वापरलेले आम्ल आत शिल्लक राहिले असावे, ही पुढे मांडली गेलेली शक्यता मला अधिक सयुक्तिक वाटते.

दोन्हींपैकी कोणतेही कारण धरले, तरी दोष साठवणुकीचा किंवा स्वच्छतेचा ठरतो, आणि शिक्षा मात्र पद्धतीला झाली. त्याच १९५४ मध्ये अमेरिकेत दहा हजारांहून अधिक वेळा दिलेल्या अशा भुलेचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला आणि मज्जासंस्थेला भुलेमुळे मोठी इजा झाल्याचे त्यात आढळले नाही, पण लोकांच्या लक्षात राहिला तो खटलाच.

पुढे ब्युपिव्हाकेन हे नवे भुलीचे औषध आले, सुया बारीक झाल्या, आणि १९९० च्या दशकात अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर मज्जातंतूभोवती पसरणारे औषध काळ्या कड्यासारखे दिसू लागल्याने हातापायांच्या ब्लॉकमधील, म्हणजे तेवढाच भाग बधिर करण्यातील, अंदाजाचा भाग कमी झाला. मणक्यासाठीची अँप्यूल आता निर्जंतुक वेष्टनातूनही मिळते, त्यामुळे ती कोणत्याही द्रावणात बुडवून ठेवावी लागत नाही.