काच गडद असली म्हणजे डोळे वाचतातच असं नाही

स्की किंवा स्नोबोर्डसाठी गॉगल घेताना बहुतेक जण तो डोळ्यांना लावतात, समोरचा उजेड किती कमी झाला ते बघतात आणि जो जास्त गडद तो उचलतात. काच गडद असणं आणि तिने अतिनील किरण अडवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बर्फावर हा फरक माहीत असायलाच हवा.

गडदपणावरून एवढंच कळतं की डोळ्यांना दिसणारा उजेड काचेतून किती आत येतो. त्याची प्रतवारी एस ० ते एस ४ अशी असते आणि गॉगलवर छापलेली असते. एस १ मधून ४३ ते ८० टक्के उजेड येतो, एस ३ मधून ८ ते १८ टक्के, तर एस ४ मधून जेमतेम ३ ते ८ टक्के. एस ४ घालून गाडी चालवायची नसते, इतकी ती काळी.

अतिनील किरण मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे ते अडले की नाही हे काच डोळ्यांवर धरून कळायला मार्गच नाही. त्यासाठी 'यूव्ही ४००' ही खूण बघायची, म्हणजे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे, थोडक्यात जवळपास सगळेच अतिनील किरण अडतात. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची पूर्ण पारदर्शक काचसुद्धा यातले बहुतेक किरण अडवते. उलट नुसता रंग दिलेली स्वस्त काच घातक ठरू शकते: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि तिच्यातून किरण जास्तच आत शिरतात.

बर्फावर याची एवढी काळजी का? कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. शिवाय दर १००० मीटर उंचीला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. म्हणजे मारा वरून होतो तसाच खालून आणि बाजूनेही होतो. म्हणूनच साध्या उन्हाच्या चष्म्यापेक्षा, कडेने फोम असलेला आणि हेल्मेटला फट न ठेवता बसणारा स्कीचा गॉगल मला केव्हाही बरा वाटतो.

खरी गफलत ढगाळ दिवशी होते. उतारावरचे खळगे-उंचवटे दिसेनासे होतात, एस ३ ची काच नकोशी वाटते आणि माणूस गॉगल कपाळावर सरकवतो. पण विरळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतातच. अशा वेळी गॉगल काढायचा नाही, काच बदलायची: पिवळी किंवा गुलाबी, एस १ ची. तिने चढउतार उठून दिसतात आणि यूव्ही ४०० असेल तर संरक्षणही तेवढंच राहतं.

हे चुकलं तर हिमांधत्व येतं. बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा उन्हाने भाजतो, पण त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही. बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. तोवर डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा आणि दुखणं वाढलं किंवा दिसायला कमी झालं तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा.

पोलराइज्ड काचेबद्दलही हाच गैरसमज आहे. ती चकाकी कमी करते, पण अतिनील किरणांशी त्या गुणाचा संबंध नाही. शिवाय कडक बर्फाचा चकाकता पट्टा काहींना तिच्यातून चटकन ओळखू येत नाही.

पडल्यावर गॉगलच्या आत बर्फ गेला, तर तो झटकून टाका आणि काच आपोआप वाळू द्या. आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून दिलेला लेप ओला असताना हातमोज्याने पुसला की निघतो, मग काच सतत धुरकट होते आणि गॉगल वर सरकवण्याचा मोह होतो. जुन्या गॉगलवर खूण उरली नसेल, तर अनेक चष्म्याच्या दुकानांत काच मीटरवर ठेवून अतिनील किरण किती अडतात ते मोजून मिळतं.