कोबाल्ट महागला तेव्हा

1978 च्या मे महिन्यात झैरेच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, शाबा प्रांतात बंडखोर घुसले आणि कोल्वेझी हे खाणींचे शहर त्यांच्या हाती गेले. जगाला लागणाऱ्या कोबाल्टचा फार मोठा वाटा याच भागातून येत असे. पुढच्या काही महिन्यांत या धातूचा भाव कित्येक पटींनी चढला. भाव का वाढतो आणि वाढला की काय घडते, हे समजायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

खाणी काही कायमच्या बंद पडल्या नव्हत्या. मग भाव इतका का उसळला? विमान उद्योगाची मागणी आधीपासूनच वाढत होती, आणि आता पुढचा माल येईल की नाही याची खात्री उरली नाही. जो तो साठा करायला धावला. उद्याच्या टंचाईची धास्ती आजच्या भावात उतरते ती अशी. त्यात कोबाल्टची खास अडचण म्हणजे तो बहुतेक वेळा तांबे किंवा निकेल काढताना जोडीने मिळतो. नुसता कोबाल्ट महागला म्हणून तांब्याची नवी खाण कोणी खोदत नाही. इकडे पुरवठा हलेना, तिकडे जेट इंजिन बनवणाऱ्यांचे त्याच्याशिवाय चालेना. दोन्ही बाजू अशा अडून बसल्या की थोडासा तुटवडाही भाव आभाळाला नेतो.

पण मला खरे नवल वाटते ते पुढच्या घडामोडींचे. कोबाल्ट कोणी वापरायचा आणि कोणी सोडायचा, हे ठरवायला कुठली जागतिक समिती बसली नव्हती. तेव्हा लाउडस्पीकरच्या चुंबकांत ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा मिश्रधातू सर्रास वापरत. नवा भाव पाहून उत्पादक लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या फेराइट चुंबकांकडे वळले. ही चुंबके आकाराने मोठी आणि जड, पण स्वस्त. जेट इंजिनातल्या भयंकर उष्णतेत टिकणाऱ्या भागांना तितका सोपा पर्याय नव्हता, म्हणून इंजिनवाल्यांनी जास्त पैसे मोजले आणि धातू त्यांच्याकडे गेला. भंगारातून कोबाल्ट परत मिळवणे परवडू लागले. लाउडस्पीकर बनवणाऱ्याला शाबा नकाशावर कुठे आहे हे माहीत असण्याचीही गरज नव्हती. त्याच्या हातात पुरवठादाराचे बिल पडले, तेवढे पुरे होते.

भावाने प्रयोगशाळांनाही कामाला लावले. कोबाल्ट टाळून ताकदवान चुंबक बनवता येईल का, हा शोध जोरात सुरू झाला आणि 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात जपान आणि अमेरिकेत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक तयार झाले. आज विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांच्या मोटारींत तेच असते.

भाव चढूच दिला नाही तर? 1973 च्या तेलसंकटात अमेरिकेत इंधनाच्या दरांवर सरकारी नियंत्रण होते. पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. काही राज्यांनी गाडीच्या क्रमांकाच्या सम-विषम आकड्यानुसार पेट्रोल भरण्याचे दिवस वाटून दिले. टंचाई तशीच राहिली, लोक तिची किंमत तासांत मोजू लागले.

एकच वस्तू महागणे आणि सगळेच एकदम महागणे यांत मात्र गल्लत करू नये. सगळे भाव मिळून वर सरकतात तेव्हा बहुधा पैशाचेच मोल उतरलेले असते. त्या गोंगाटात नेमकी कशाची चणचण आहे, हे ऐकू येणे अवघड होते.

आणि भावाला ऐकू येते ते फक्त पैसे मोजू शकणाऱ्याचे. इंजिनवाल्याची गरज त्याच्यापर्यंत पोहोचली, कारण इंजिनवाल्याकडे पैसे होते. औषध महागल्यावर जो रुग्ण ते घेणे सोडून देतो, त्याची गरज बाजाराच्या हिशेबात ‘मागणी घटली’ एवढीच नोंदली जाते. ती गरज भागवायची असेल तर त्याच्या हातात पैसे तरी पोहोचवावे लागतात, नाही तर औषध तरी.