तारा कुठे तुटतात

माझ्या भाच्यानं त्याच्या आवडत्या व्हिडिओ गेममधलं एक दृश्य दोन फूट रुंद कागदावर छापून आणलं, आणि त्यात पुलाच्या तारा तुटलेल्या निघाल्या. डोंगरातलं रात्रीचं शहर, मध्ये दरी, दरीवर झुलता पूल, पलीकडच्या उतारावर खिडक्यांचे मिणमिणते दिवे. ऐरोलीतल्या त्याच्या खोलीत मॉनिटरवर हे दृश्य इतकं देखणं दिसायचं की वाढदिवसाच्या पैशांतून त्यानं ठाण्यात नौपाड्याच्या एका दुकानात ते छापून घेतलं. तिथून गुंडाळी घेऊन तो थेट माझ्याकडे आला. "मावशी, दुकानवाल्यानं बिघडवलं गं सगळं."

मी बरीच वर्षं इमेज प्रोसेसिंग शिकवते आहे. भिंगातून कागद पाहिल्यावर कळलं की दुकानवाल्याकडे जे आलं तेच त्यानं इमानदारीनं छापलं होतं. तारा त्याआधीच तुटल्या होत्या, काही तर चित्र जन्माला आलं त्या क्षणीच.

डिजिटल चित्र पिक्सेल नावाच्या बारीक चौकोनांचं बनलेलं असतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचा, प्रत्येक पिक्सेल अंगणात ठेवलेलं भांडं समजा. त्याच्या तोंडावर जेवढा प्रकाश पडतो तो सगळा त्यात साठतो. अर्ध्या भागावर तार आली आणि अर्ध्यावर आकाश, तर दोन्हींचं मिश्रण आपोआप मिळतं. गेममध्ये असा प्रकाश पडतच नाही. तिथे सगळी गणितं असतात. साध्या पद्धतीत ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातला चित्रं काढणारा भाग, प्रत्येक पिक्सेलच्या मध्यबिंदूशी एकच प्रश्न विचारतं: इथे काय आहे? तार असेल तर पूर्ण पिक्सेल तारेच्या रंगाचा, नसेल तर पूर्ण आकाशाचा. पिक्सेलपेक्षा बारीक तार एका मध्यबिंदूवर सापडते, पुढच्या दोनांना चुकवून जाते, मग पुन्हा सापडते. कागदावरच्या तुटक रेघा त्यातून आल्या.

माझ्या आईनं दुसुतीवर फुलीच्या टाक्यानं भरलेलं एक हरीण अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. त्याचे पाय सुबक आहेत, कारण ते सरळ आहेत. शिंगं मात्र पायऱ्यापायऱ्यांची. कापडाच्या चौकड्या जेवढ्या, तेवढंच बारीक भरता येतं. स्क्रीनशॉटमधल्या तिरक्या कडांचंही तेच होतं. फरक एवढाच की आईला पुढच्या वेळी बारीक वीण असलेलं कापड आणावं लागलं असतं. भाच्याला फक्त एक सेटिंग बदलायचं होतं.

या तुटण्याला नमुना-सिद्धान्ताचा, म्हणजे एखादी गोष्ट किती वेळा तपासावी लागते या नियमाचा, आधार आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली टेलिग्राफच्या संदर्भात त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली त्याला नेटकं रूप दिलं. एखादी गोष्ट जितक्या वेळा वरखाली होते, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा ती तपासली नाही तर खरी गोष्ट हातून निसटते. निसटते एवढंच नाही, ती दुसऱ्याच कुठल्यातरी वेषात परत येते. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की जाळीत नसलेल्या जाड लाटा दिसतात ना, तसं. म्हणूनच गेममधलं दूरचं कौलारू छप्पर चालताना थरथरतं आणि बारीक कुंपणावर भलतेच पट्टे उमटतात. एकदा हे खोटे पट्टे चित्रात बसले की खरे कुठले आणि खोटे कुठले, हे नंतर कुठलंही सॉफ्टवेअर खात्रीनं सांगू शकत नाही.

उपाय म्हणून प्रश्न जास्त ठिकाणी विचारायचे. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. हेच दृश्य ३८४० गुणिले २१६० वर काढलं तर ८२,९४,४०० होतात, म्हणजे जुन्या एका पिक्सेलच्या जागी चार. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'डीएसआर' आणि एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये 'व्हीएसआर' नावाची सोय २०१४ पासून आहे. मॉनिटर लहान असला तरी गेमला ती मोठ्या मापावर चित्र काढायला लावते. खेळताना हे परवडत नाही. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. पण स्क्रीनशॉट घेताना कुणी तुमच्यावर बाण मारत नसतो. गेम अडखळत चालला तरी बिघडत काय?

फोटोग्राफरला हे भाग्य नसतं. उडालेला फ्लेमिंगो खाडीवर परत त्याच जागी येत नाही. गेममधलं शहर तिथेच उभं असतं, सेव्ह केलेल्या जागेवर परत जाऊन तेच दृश्य चौपट बारकाईनं पुन्हा मागता येतं. हे लक्षात न घेता लोक खराब स्क्रीनशॉटवर तासन्‌तास एडिटिंग करत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्क्रीनशॉट घेण्याआधी दोन-तीन सेकंद स्तब्ध उभं राहायला मी त्याला सांगितलं. आजच्या बऱ्याच गेममध्ये 'टीएए' नावाची पद्धत असते. ती दर चित्राला कॅमेरा पिक्सेलच्या काही अंशानं हलवते आणि मागच्या चित्रांतली माहिती नव्यात मिसळते. तुम्ही धावत असाल तर ही सरमिसळ धूसर होते, थांबलात की त्याच प्रश्नाची वेगवेगळ्या बिंदूंवरची उत्तरं साचत जातात आणि कडा सुधारतात. शिवाय दगड, लाकूड, भिंती यांचे बारीक पोत मागाहून लोड होत असतात, त्यांनाही वेळ मिळतो. 'मोशन ब्लर' (हालचालीची धूसरता), 'फिल्म ग्रेन' (फिल्मचा दाणेदारपणा) आणि 'क्रोमॅटिक ॲबरेशन' (कडांवर उमटणारी रंगीत किनार) ही सेटिंग्ज बंद करायची. हे सगळे खऱ्या कॅमेऱ्याचे आणि फिल्मचे दोष आहेत, गेम बनवणारे ते मुद्दाम घालतात. ज्याला आवडतात त्यानं शेवटी एडिटिंगमध्ये घालावेत, काढता मात्र येत नाहीत.

आता फाइलकडे वळू. कागदावर तारांभोवती मळकट चौकोन दिसत होते. ते कुठून आले हे विचारल्यावर भाच्यानं सांगितलं की फाइल त्यानं स्वतःच्याच फोनवर एका मेसेजिंग ॲपमधून पाठवली आणि फोनमधून दुकानात दिली. ॲपनं वाटेत चित्र १६०० पिक्सेल रुंद केलं आणि जेपीईजी या फाइल लहान करणाऱ्या प्रकारात दाबून बसवलं.

जेपीईजीच्या पोटात एक सुंदर कल्पना आहे आणि तिचं मूळ आपल्याकडच्या माणसापाशी जातं. १९४० साली बेंगळुरूला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक होते. चित्रातल्या चढउतारांना कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडायची पद्धत त्यांना सुचली. १९७२ साली त्यांनी त्यावर काम करायला अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. त्यांनी काम थांबवलं नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९९२ च्या जेपीईजी मानकाचा कणा हीच पद्धत आहे. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा ६४ लहरींत मांडायचा, आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरींचे आकडे ढोबळ करून टाकायचे. झाडं, ढग, चेहरे यांच्यावर हे इतकं छान चालतं की आपल्याला कळतही नाही.

पण काळ्या आकाशावरची लख्ख तार म्हणजे नुसती बारीक लहरच. तीच ढोबळ केली की तारेभोवती त्या ८ गुणिले ८ च्या चौकोनात लाटा उठतात. गेमचे स्क्रीनशॉट धारदार कडा, अक्षरं, सपाट रंगांच्या पट्ट्या यांनी भरलेले असतात, म्हणून जेपीईजीचा मार त्यांना सर्वांत जास्त बसतो. त्यात बरेचदा रंगांची माहिती आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी अर्ध्यावर आणली जाते, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा पसरतात. १९९६ साली आलेलं पीएनजी हे दुसरं फाइल-स्वरूप यातलं काहीही टाकून देत नाही. शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्याचा अंदाज बांधतं, फक्त चुकलेला फरक लिहून ठेवतं, आणि उघडल्यावर एकूणएक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळतो. तेव्हा पीएनजीमध्ये घ्यायचं, एडिटिंग होईपर्यंत पीएनजीमध्येच ठेवायचं, आणि पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचं किंवा सरळ पेनड्राइव्ह न्यायचा.

हिशेबही साधा होता. २४ इंच कागदावर १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला जेमतेम ६७. मोठ्या मापानं घेतले ३८४० तर इंचाला १६०. हातभर लांबून पाहायच्या भित्तिचित्राला ते पुरतं.

दाबलेली फाइल मऊ दिसली म्हणून दुकानात जाण्याआधी भाच्यानं 'शार्पन' हे धार वाढवणारं साधन शेवटपर्यंत ओढलं होतं. हे साधन नवे बारकावे आणत नाही. जुन्या डार्करूममध्ये निगेटिव्हची धूसर प्रत मुखवट्यासारखी मूळ निगेटिव्हवर ठेवून कडा उठावदार करत, त्याचीच ही संगणकातली आवृत्ती आहे. कडेच्या एका बाजूला थोडं काळं, दुसऱ्या बाजूला थोडं पांढरं, आणि डोळ्याला धार वाढल्यासारखी वाटते. त्याच्या चित्रात तारांबरोबर जेपीईजीच्या लाटांनाही धार आली आणि पुलाभोवती पांढरी किनार उमटली. शार्पन करायचंच तर सगळ्यात शेवटी, अंतिम माप ठरल्यावर, आणि हलक्या हातानं.

रात्रीच्या आकाशात पट्टे दिसत होते त्यांचं कारण वेगळं. साध्या स्क्रीनशॉटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. अंधाऱ्या आकाशाच्या वाट्याला त्यातल्या समजा २० येतात. उजळपणा वाढवून त्याच २० पायऱ्या ६० च्या जागेत ताणल्या की मध्ये फटी पडणारच. काम सुरू करताना चित्र १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या कितीतरी जास्त पायऱ्यांत, बदलून घेतलं तर पुढच्या फेरफारांत आणखी पायऱ्या गळत नाहीत, आणि शेवटी ८ बिटला, म्हणजे परत २५६ पायऱ्यांवर, येताना चिमूटभर नॉइज (विस्कळीत ठिपक्यांची खरखर) घातला की पट्ट्यांच्या कडा विरघळतात. नॉइज घातल्यानं चित्र सुधारतं हे भाच्याला पटेना. करून दाखवलं तेव्हा पटलं.

भिंतीसाठी मोठी फाइल झाल्यावर मॉनिटरच्या वॉलपेपरसाठी लहान हवी होती. चार पिक्सेलचा एक करायचा, यात काय चुकणार? पण चुकतं. फाइलमधले आकडे प्रकाशाचं थेट माप नसतात. आपला डोळा अंधारातले फरक जास्त टिपतो, म्हणून एसआरजीबी या प्रचलित पद्धतीत गडद छटांना जास्त आकडे दिलेले असतात. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा, यांची सरळ सरासरी १२८ च्या आसपास. पण १२८ हा आकडा पांढऱ्याच्या साधारण २२ टक्केच प्रकाश देतो. खरा अर्धा प्रकाश १८८ ला मिळतो. सॉफ्टवेअरनं आकड्यांचीच सरासरी काढली तर काळ्यावरचे बारीक दिवे आणि तारा नाहक मंद होतात. दिवसाच्या दृश्यात हे ध्यानातही येत नाही, रात्रीच्या शहरात मात्र निम्मी जादू त्यातच जाते. गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या 'प्रिसिजन'मध्ये 'लिनिअर लाइट' निवडून मग माप कमी केलं की हिशेब प्रकाशाचा होतो. आम्ही दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. उतारावरच्या खिडक्या दुसऱ्या प्रतीत पेटल्यासारख्या दिसल्या.

"एआयनं मोठं करून घेऊ का?" हा प्रश्न येणारच होता. ती साधनं हजारो चित्रं पाहून शिकलेली असतात आणि तुटलेल्या तारेच्या जागी पटण्यासारखी तार काढतात. पाटीवरची अक्षरंही पटण्यासारखीच काढतात, वाचायला गेलं की ती कुठल्याच लिपीची नसतात. जुन्या, आता न चालणाऱ्या गेमचं एकुलतं चित्र उरलं असेल तर मी ती वापरीन. गेम समोर चालू असताना नाही. आणि जुन्या पिक्सेलच्या गेमना तर हात लावू नये, त्यांचं चित्र नेमकं दुप्पट-तिप्पट करून 'निअरेस्ट नेबर' (जवळच्याच पिक्सेलचा रंग घेणारी पद्धत) निवडावं, चौकोन चौकोनच राहतात.

पुढच्या रविवारी भाचा पेनड्राइव्ह घेऊन ठाण्याला आला आणि त्याच दुकानातून नवी गुंडाळी आणली. आम्ही ती जेवणाच्या टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. पुलाच्या तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होत्या. त्यानं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पलीकडच्या उतारावर फिरवत राहिला. आधी नुसता पिवळा ठिपका होती ती एक खिडकी त्याला सापडली. तिच्यासमोर दोरी बांधलेली होती आणि दोरीवर कपडे वाळत घातलेले होते.

"मावशी," तो म्हणाला, "इतके महिने खेळतोय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं."