टाके घालून झाल्यावरची दहा मिनिटं: दारू, सिगारेट आणि कॅज्युअल्टीतल्या समुपदेशनाची पार्श्वभूमी

जखमेला टाके पडलेले असतात, एक्स-रे यायचा असतो, सलाईन अर्धं उरलेलं असतं. पेशंट शुद्धीवर असतो आणि घाबरलेलाही असतो. अशा वेळी त्याच्याशी दारूबद्दल आणि सिगारेटबद्दल पाच-दहा मिनिटं नीट बोलावं, ही शिफारस आज अनेक देशांच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. तिच्यामागे साठेक वर्षांचं काम आहे. त्या कामात एक गोष्ट सतत खटकत राहते. पिणारा आणि ओढणारा पुष्कळदा एकच माणूस असतो, पण त्याच्याशी बोलणारी मंडळी दोन वेगळ्या वाटांनी आली. एकांनी त्याची बाटली पाहिली, दुसऱ्यांनी पाकीट.

दारूची वाट बॉस्टनमधून सुरू झाली. तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत दारुडे पेशंट रोज यायचे. मलमपट्टी व्हायची, आणि ‘दारूच्या क्लिनिकला जा’ असं सांगून त्यांना बाहेर काढलं जायचं. क्लिनिकला जवळपास कुणीच पोहोचत नसे. हे लोक स्वतःहून सुधारायला तयारच नसतात, असं सगळे धरून चालले होते. मॉरिस चेफेट्झ या मानसोपचारतज्ज्ञाने ते मानलं नाही. त्यांनी १०० पेशंटांसाठी इमर्जन्सीतच एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समाजसेवक उभा केला. माणूस आला की लगेच त्याच्याशी आदराने बोलायचं आणि त्याची त्या घडीची अडचण आधी सोडवायची. उरलेल्या १०० जणांना नेहमीची वागणूक मिळाली. १९६२ साली निकाल छापून आले. पहिल्या गटातले ६५ जण क्लिनिकला गेले, दुसऱ्यातले जेमतेम ५. पाच किंवा त्याहून जास्त वेळा जाणारे पहिल्या गटात ४२ होते, दुसऱ्यात फक्त एक.

पेशंट तेच, हॉस्पिटल तेच. बदललं होतं ते बोलणं. माझ्या मते या सगळ्या विषयाचा पाया याच आकड्यांत आहे.

त्याच गटाने १९६७ मध्ये आणखी एक विलक्षण अभ्यास केला. नऊ डॉक्टरांना दारुड्या पेशंटांबद्दलचा अनुभव विचारून त्यांचं बोलणं टेपवर घेतलं. मग शब्द कळणार नाहीत, नुसता सूर ऐकू येईल, अशा रीतीने ते गाळून लोकांना ऐकवलं. ज्या डॉक्टरांच्या आवाजात राग कमी जाणवला, त्यांनी पाठवलेले पेशंट क्लिनिकला जास्त प्रमाणात गेले होते. आपल्याकडे रात्रपाळीत ‘काय रे, परत पिऊन आलास?’ हे वाक्य ज्या सुरात ऐकू येतं तो आठवला, की या जुन्या टेपचं महत्त्व पटतं.

थोड्याच बोलण्याला इतकी किंमत असू शकते, याला पुढे लंडनहून दुजोरा मिळाला. १९७७ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या १०० विवाहित पुरुषांपैकी निम्म्यांना पूर्ण उपचार दिले आणि निम्म्यांना बायकोसमोर एकदाच नीट सल्ला दिला. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे निष्कर्ष बऱ्याच जणांना पचले नाहीत, पण छोट्या समुपदेशनावर संशोधन करण्याचं दार त्यांनी उघडलं.

सिगारेटची वाट इमर्जन्सीत सुरूच झाली नाही. ती फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातून निघाली. १९७९ मध्ये मायकेल रसेल यांनी लंडनच्या २८ डॉक्टरांना हाताशी धरून दोन हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सिगारेट सोडायला सांगितलं. काहींना त्यासोबत पत्रक दिलं आणि ‘पुढे चौकशी करणार आहोत’ असंही बजावलं. या शेवटच्या गटातले ५.१ टक्के लोक वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले, काहीच न केलेल्या गटात ०.३ टक्के. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण खर्च दोन मिनिटांचा, आणि डॉक्टरकडे वर्षभरात येणारे लोक हजारोंनी. हा गुणाकार केला की आकडा किरकोळ राहत नाही.

दारूच्या बाजूला पुढचा मोठा टप्पा एका सर्जनने गाठला. अमेरिकेतल्या सिएटलच्या हार्बरव्ह्यू ट्रॉमा सेंटरमधले, म्हणजे गंभीर अपघातांच्या केंद्रातले, लॅरी जेंटिलेलो अपघातातले पेशंट जोडून घरी पाठवत होते, आणि त्यातले काही पुन्हा पिऊन, पुन्हा मोडून येत होते. त्यांनी दाखल पेशंटांपैकी निम्म्यांना अर्ध्या तासाची एकच बैठक दिली आणि महिन्याभराने एक पत्र पाठवलं. १९९९ मध्ये छापलेल्या या अभ्यासात वर्षानंतर त्या गटाचं पिणं आठवड्याला सरासरी २१.८ पेगांनी घटलेलं होतं, दुसऱ्या गटाचं ६.७ पेगांनी. पुन्हा दुखापत होऊन येण्याचं प्रमाणही जवळपास निम्म्याने कमी दिसलं. २००६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने सर्वोच्च श्रेणीच्या ट्रॉमा सेंटरना दारूची चाचपणी आणि छोटं समुपदेशन बंधनकारक केलं.

मधल्या काळात एक अडथळा होता आणि तो वैद्यकीय नव्हता. अमेरिकेत १९४७ साली विमा नियामकांच्या संघटनेने एक नमुना कायदा केला होता. अपघाताच्या वेळी माणूस नशेत असेल तर विमा कंपनीने खर्च नाकारला तरी चालेल, अशी मुभा त्यात होती. बऱ्याच राज्यांनी तो उचलला. परिणाम उघड होता: डॉक्टर रक्तातलं अल्कोहोल मोजायलाच कचरू लागले. मोजलं तर केसपेपरवर येणार, केसपेपरवर आलं तर बिल बुडणार. ज्या प्रश्नापासून समुपदेशन सुरू व्हायला हवं तोच विचारायची चोरी. २००१ मध्ये त्याच संघटनेने ही तरतूद काढून टाकण्याची शिफारस केली, तरी ती राज्याराज्यांतून सावकाशच गेली.

आणि दोन्ही करणारा माणूस? त्याच्यासाठी फार काळ एकच सल्ला प्रचलित होता: ‘आधी दारू सुटू दे, सिगारेटचं मग बघू.’ त्यामागे माया होती. एका वेळी दोन आधार काढून घेतले तर माणूस कोसळेल, ही भीती खरी होती. पण या सल्ल्याची किंमत फार मोठी पडली. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी छत्तीस वर्षं दारूला हात लावला नाही. १९७१ मध्ये ते गेले ते एम्फिसिमाने, सिगारेटमुळे निकामी झालेल्या फुप्फुसांनी. १९९६ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी व्यसनमुक्तीचे उपचार घेतलेल्या ८४५ जणांचा पुढचा माग काढला. मरण पावलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांनी गेले होते, दारूमुळे होणाऱ्या आजारांनी साधारण एक तृतीयांश. दारू सोडवली म्हणून जे वाचले असं आपण समजत होतो, त्यांचा जीव दुसरीच गोष्ट घेत होती.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये तर दोन्हींचे धोके एकमेकांना गुणतात, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. सवयीच्या पातळीवरही ती एकमेकांना ओढतात. सिगारेट सोडलेला माणूस पुन्हा पहिली सिगारेट पेटवतो ती अनेकदा हातात ग्लास असताना. २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचारांदरम्यान सिगारेट सोडायलाही मदत केलेल्यांत दारू आणि इतर नशेपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळली. त्याच वर्षीच्या एका मोठ्या प्रयोगात मात्र सिगारेटचा उपचार सहा महिने पुढे ढकललेला गट दारूच्या बाबतीत सरस ठरला. म्हणजे वेळ कोणती, यावर मतभेद आहेत. पण विषयच काढायचा नाही, याला आधार उरलेला नाही.

खाटेशेजारी हे बोलणं कसं चालतं? बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये १९९०च्या दशकात एडवर्ड आणि ज्युडिथ बर्नस्टीन यांनी त्याची आखणी केली. आधी परवानगी, मग प्रश्न, मग शून्य ते दहाची एक पट्टी. आपल्याकडची सिस्टर ते असं बोलेल:

‘दादा, दोन मिनिटं दारूबद्दल बोललं तर चालेल?’
‘बोला.’
‘कमी करायची तयारी किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आजपासून.’
‘असेल तीन-चार.’
‘तीन म्हणालात. एक का नाही म्हणालात?’

खुबी या शेवटच्या प्रश्नात आहे. त्याचं उत्तर देताना पेशंट स्वतःच कारणं सांगू लागतो: पोरगी मोठी होतेय, गाडीचे हप्ते आहेत, मागच्या महिन्यातही असाच पडलो होतो. उपदेश करायची गरज उरत नाही. मग हीच पट्टी बिडी-सिगारेटसाठी.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. रोज सकाळी हात थरथरतात म्हणून पिणाऱ्या माणसाला ‘उद्यापासून एकदम बंद’ हा सल्ला धोक्याचा आहे. त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्याला वैद्यकीय देखरेख लागते. सिगारेट एकदम सोडल्याने चिडचिड होते, जीव जात नाही.

नुसत्या बोलण्याने सगळं साधतं असंही नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या इमर्जन्सीत आणि नंतर इंग्लंडमधल्या अनेक हॉस्पिटलांत झालेल्या प्रयोगांत दारूविषयीचं समुपदेशन घेतलेले आणि न घेतलेले किंवा नुसतं पत्रक घेतलेले सारखेच निघाले. सगळ्याच गटांचं पिणं कमी झालं होतं. अपघाताचा धक्का आणि नुसती विचारपूस यांनीही काम केलं असावं. सिगारेटच्या बाबतीत बोलण्याला औषधाची जोड दिल्यावर चित्र पालटलं. येल विद्यापीठाच्या स्टीव्हन बर्नस्टीन यांनी २०१५ मध्ये इमर्जन्सीतच निकोटिनचा पहिला पॅच लावला, सहा आठवड्यांचे पॅच आणि गम हातात दिले, क्विटलाइनशी (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेशी) जोडून दिलं आणि नंतर फोन केला. तीन महिन्यांनी १२.२ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. मला हा धडा मोठा वाटतो. माणूस इमर्जन्सीतून रिकाम्या हाताने जाता कामा नये.

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायचा तर आधी छापील फॉर्म बदलावा लागेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. ‘स्मोकिंग करता का?’ एवढंच विचारलं तर तंबाखू-चुना, मावा, मिश्री सगळं निसटतं, आणि पेशंट प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. शिवाय एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसच्या, कागदावर तोंडाला दारूचा वास आहे का याची नोंद होते, आणि इथल्याही अपघात विम्यात नशेतल्या दुखापतीला सहसा संरक्षण नसतं. त्यामुळे नातेवाईक आधीच सांगून टाकतात, ‘साहेब, हा पीत नाही.’ पोलिसांसाठीची नोंद वेगळी आणि उपचारासाठीचं बोलणं वेगळं, हे पेशंटला सुरुवातीलाच सांगितल्याशिवाय तो मोकळा होणार नाही.

हे काम करायला डॉक्टरच लागतो असं नाही, हे मात्र गोव्याने दाखवून दिलं आहे. ‘संगत’ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करवलं. जास्तीत जास्त चार बैठका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हा प्रयोग दारूपुरता होता. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. नशामुक्तीची हेल्पलाइन वेगळी, १४४४६. दोन्ही व्यसनं असलेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर हे दोन्ही नंबर लिहायला खास योजना लागत नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांना ते आजपासूनही लिहिता येतील.