सशस्त्र संघर्षातील स्त्रियांवरील हिंसा

युद्ध, यादवी किंवा लष्करी ताब्याच्या काळात स्त्रियांवर होणारे बलात्कार, लैंगिक गुलामगिरी, सक्तीची वेश्यावृत्ती, सक्तीची गर्भधारणा इ. अत्याचार.

अशा अत्याचारांना मनाईचा आरंभ सहसा अमेरिकन यादवी युद्धातील लीबर संहितेपासून (संघराज्याच्या सैन्यासाठीचे युद्धनियम, १८६३) धरतात. तिच्या ४४ व्या कलमात बलात्काराला देहान्ताची शिक्षा होती. काही अभ्यासक इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या १३८५ च्या युद्धनियमांपर्यंत मागे जातात. ते नियम एका मोहिमेच्या शिस्तीपुरते होते, तर लीबर संहितेचा ठसा पुढील हेग नियमांवर (युद्धाच्या आचारासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम) उमटला; म्हणून पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. हेग नियमांत (१९०७) मात्र ‘कौटुंबिक सन्माना’चा मोघम उल्लेख आहे. चौथ्या जिनीव्हा करारात (१९४९) बलात्काराचा स्पष्ट निर्देश आला, पण तोही स्त्रीच्या अब्रूवरील हल्ला म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवरील खटल्यांसाठी केलेल्या न्यूरेंबर्ग सनदेत तो शब्दही नाही. जपानी नेत्यांवरील टोकिओ खटल्यात जपानी सैन्याने चीनमधील नानजिंग येथे केलेल्या अत्याचारांचा पुरावा नोंदला गेला. जपानी लष्कराच्या वेश्यागृहांत डांबलेल्या स्त्रियांचा प्रश्न बाजूलाच राहिला.

खरे वळण रवांडातील १९९४ च्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अकायेसू खटल्यात आले. रवांडातील ताबा या ठिकाणचा नगरप्रमुख अकायेसू याच्यावरील मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा आरोपच नव्हता. साक्षीदार स्त्रियांच्या जबान्यांतून ते प्रकार पुढे आले व जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. खंडपीठात नवनीतम पिल्ले या एकमेव स्त्री न्यायाधीश होत्या. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, हे प्रथमच मान्य झाले. त्यात बलात्काराची व्याख्या ‘जबरदस्तीच्या परिस्थितीत केलेले लैंगिक स्वरूपाचे शारीरिक आक्रमण’ अशी व्यापक होती. त्याच वर्षी माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणाने फुरुंजिया खटल्यात ती शारीरिक कृतीच्या तपशिलात बांधली आणि कुनाराच खटल्यात (२००१) संमतीचा अभाव हा निकष पुढे केला. बंदिवासातील स्त्रीच्या संमतीची चर्चा करणेच विसंगत, हा आक्षेप रास्त दिसतो. अपील खंडपीठानेही (२००२) अशा परिस्थितीत खरी संमती संभवत नाही, असे नमूद केले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या गुन्हेघटकांत (गुन्हा सिद्ध होण्यासाठी लागणाऱ्या बाबींच्या यादीत) बळ, धाक व जबरदस्तीचे वातावरण यांवर भर आहे.

पीडितांचे आकडे जपून घ्यावेत. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धासाठी दोन ते चार लाख ही संख्या रूढ असली, तरी ती वादग्रस्त आहे.

स्वतःच्याच दलातील मुलींवरील बलात्कार व लैंगिक गुलामगिरी हाही युद्धगुन्हा ठरतो, हे कांगोतील बंडखोर सेनानी बोस्को न्तागांडा याच्या खटल्यात (दोषसिद्धी २०१९) प्रस्थापित झाले.