साथीने अडवलेला शोक

सातारा-सांगली पट्ट्यात माणूस गेला की रक्षाविसर्जनाला भावकी जमते, नैवेद्याला कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे राहतात आणि तेवढ्या वेळात गेलेल्याविषयी चार गोष्टी आपसूक बोलल्या जातात. 2020 आणि 2021 मध्ये हे सारे थांबले. कोरोनाने दगावलेल्याचा देह आवरणात गुंडाळून थेट स्मशानभूमीत जाई, पीपीई किट घातलेले कर्मचारी अग्नी देत आणि घरचेच विलगीकरणात असल्याने अनेकांचे शेवटचे तोंड पाहणेही राहून गेले.

शोक हा आजार नव्हे. बहुतेकांचा तो काही महिन्यांत ओसरू लागतो. मात्र गेलेल्याची तीव्र ओढ सहा महिन्यांनंतरही तशीच राहून रोजचे व्यवहारच अडू लागले, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. विधींमुळेच दुःख हलके होते असे संशोधनाने ठामपणे सिद्ध झालेले नाही, आणि कर्मकांडाची वकिली करण्याचा माझा हेतूही नाही; पण अकस्मात मृत्यू, निरोपाची न झालेली भेट आणि आधार देणाऱ्या माणसांपासून झालेली ताटातूट यांनी हा धोका वाढतो, असे मानले जाते.

साथीचा दुसरा घाव शरीरातून मनावर होतो. विषाणूशी लढताना पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात आणि त्यांचा मेंदूवर परिणाम होऊन मरगळ येते, भूक मंदावते, कशातच रस वाटेनासा होतो. हिपॅटायटिस सी या आजारावर पूर्वी याच गटातील इंटरफेरॉन औषध म्हणून देत, तेव्हा साथ किंवा टाळेबंदी नसतानाही कित्येक रुग्णांना नैराश्य येत असे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोरोनाच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्याचे प्रमाण 25 टक्क्यांनी वाढले. हाँगकाँगमध्ये 2003 च्या सार्स साथीतून वाचलेल्यांची अडीच वर्षांनी तपासणी झाली, तेव्हाही त्यांच्यातील मोठा वाटा मानसिक विकारांनी त्रस्त होता.

आपल्याकडे हा त्रास मनाचा म्हणून क्वचितच सांगितला जातो. ‘अंगात बळच नाही’, ‘छातीत धडधडतंय’, ‘रात्री डोळा लागत नाही’ अशा तक्रारी घेऊन माणसे गावातल्या डॉक्टरकडे जातात, सलाईन लावून घेतात आणि परततात. रक्ताचे अहवाल ठीक असूनही तक्रार टिकून असेल, तर घरात कोणी गेले होते का आणि त्याला निरोप देता आला होता का, हेही डॉक्टरांनी विचारायला हवे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येते.